धुऱ्यावरचं आभाळ

[दृश्य: काळोख. मोटरची घरघर. हरभऱ्यावर फिरणारे स्प्रिंकलर.]

डिसेंबर सरत आलाय. रात्रीचे साडेअकरा. या आठवड्यात विजेची लाइन रात्रीची, म्हणून हरभऱ्याचं ओलीतही रात्रीच. काही तासांनी पाइप उचलून पुढे मांडायचे, आणि मधल्या वेळात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसायचं. बसलात की आधी बॅटरी विझवा.

अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उजळला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पायाखाली साप-विंचू असतो, बॅटरी तर लागणारच. मग तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी बांधा. मंद लाल उजेडाचा डोळ्यांना फारसा त्रास होत नाही.

आता दक्षिणेकडे तोंड करा आणि मान चांगली वर घ्या. चार ताऱ्यांचा चौकोन, मधोमध एका ओळीत तीन तारे. हा मृग. चार तारे हरणाचे पाय, तीन तारे त्याच्या पोटात रुतलेला बाण. बाणाची रेघ खाली डावीकडे न्या, बाण मारणारा व्याध सापडेल, रात्रीच्या आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा. तीच रेघ वर उजवीकडे नेली की लालसर रोहिणी, आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा झुपका.

रोहिणी, मृग. पेरणीच्या दिवसांत हीच नावं गावभर तोंडी असतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. त्याच्या उजेडात हे तारे बुडून जातात. ज्या मृगाची एवढी वाट पाहायची, तो पेरणीला दिसतच नाही! दिसतो तो आत्ता, हरभऱ्याच्या ओलिताला. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मी पाइप बदलायचे विसरून वर पाहत राहिलो होतो.

[दृश्य: मृगाचा मधला भाग, जवळून.]

बाणाच्या खाली तीन फिके ठिपके आहेत. मधला जरा धुरकट. त्याच्याकडे थेट पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. अंधारात डोळ्याचा मधला भाग कमजोर पडतो, कडेचा जास्त टिपतो. तो धूर म्हणजे तेजोमेघ, वायू आणि धुळीचा ढग, सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर. तिथे आजही नवे तारे जन्मताहेत. दुर्बीण घ्यायचीच तर आधी दोन डोळ्यांची घ्या, ७×५० किंवा १०×५०, म्हणजे सातपट किंवा दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची. टेलिस्कोपची घाई नको. बाजेवर उताणं पडून पाहिलं की हात थरथरत नाहीत. पहाटे भिंगावर दव धरतं, ते पुसू नका, आपोआप सुकू द्या.

व्याधाच्या बऱ्याच खाली, किंचित उजवीकडे, आणखी एक ठसठशीत तारा आहे. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरा, क्षितिजापासून दीड मूठ वर तो दिसेल. हा अगस्ती. लंडनहून तो कधीच दिसत नाही, दिल्लीहून अगदी क्षितिजालगत. अगस्ती ऋषींची बायको लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या, म्हणजे अगस्ती आपला जावई. आपल्याकडे तो मानाने वर येतो.

दोन वाजता ईशान्येला सप्तर्षी चढतात. गोंड गावांत त्यांची बाज होते: चार तारे बाजेचे पाय, मागचे तीन चोर. मधल्या चोराला चिकटून एक बारीक तारा आहे. तो वेगळा दिसला, तर नजर चांगली. तीच अरुंधती.

हे सगळं दिसतं ते अंधार आहे म्हणून. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. आपल्या गावाला दर्जा नको, पण खांबावरच्या एलईडीला वरून टोपी बसवता येते. उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात कशाला?

[दृश्य: मोटर थांबते. शांतता.]

लाइन गेली. गावातले दिवेही गेले. पश्चिमेला कृत्तिका अजून वर आहेत. मोजून घ्या. सहा सहज दिसतात, सातवी शोधा.