मेलो, पण चूक माझीच

(दृश्य: नवी पेठेतली संध्याकाळ, मोबाइलच्या दुकानांपुढची गर्दी.)

नव्वदच्या दशकात सोलापुरात वाढलेल्या माणसाला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ विचारलं, तर तो गोंधळेल. ‘मुस्तफा’ म्हणा, लगेच चेहरा खुलतो. कॅपकॉम या कंपनीचा हा 1993 चा, नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम. निवडायला खेळाडू चार, पण आपल्याकडे अख्ख्या गेमला नाव पडलं ते टोपीवाल्या मुस्तफाचं.

गेम सोपा अजिबात नव्हता. नाणं टाकायचं, काही मिनिटांत मरायचं, आणि तरी खिशात दुसरं नाणं चाचपायचं. का?

(दृश्य: लाथ बसण्याचा क्षण, अगदी संथ गतीत.)

नीट बघा. लाथ बसली की मारणारा आणि मार खाणारा, दोघंही क्षणभर जागच्या जागी थिजतात. मग शत्रू उडून पडतो. या थांब्याला हिटस्टॉप म्हणतात. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये त्यातल्या मोजक्याच याच्या वाट्याला येतात. त्या काढून टाका, तीच लाथ हवेत मारल्यासारखी वाटेल. अ‍ॅक्शन गेमचा निम्मा जीव या थांब्यात आहे, असं मला ठामपणे वाटतं.

उरलेला निम्मा न्यायात. ‘डार्क सोल्स’ (2011) खेळणाऱ्याला पुन्हा पुन्हा मारतो, तरी लोक त्याच्यावर जीव टाकतात. कारण राक्षस वार करण्याआधी तलवार उगारतो आणि ती आपल्याला दिसते. चुकवता आली नाही तर दोष आपला, आणि पुढच्या वेळी कधी लोळण घ्यायची तेही कळलेलं असतं. ‘सेलेस्ट’ (2018) तर आणखी उदार. कड्यावरून पाय सुटल्यावरही उडी मारायला निमिषभर सवड देतो.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टींची. कॅमेरा भिंतीत अडकतो, मागून कोण आलं ते दिसत नाही. बटण दाबलेलं असतं, गेम दखलच घेत नाही. ऑनलाइन खेळताना आपण भिंतीआड पोचलेलो असतो, पण ती खबर सर्व्हरमार्फत जायला उशीर होतो. समोरच्याच्या स्क्रीनवर आपण अजून उघड्यावरच. गोळी लागते.

(दृश्य: भर दुपार, चौकातला सुनसान रस्ता. मग घरात मोबाइलवर खेळणारी मुलं.)

सोलापुरात यात उन्हाळ्याची भर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो, फ्रेम गळतात, नेम धरताना स्क्रीन अडखळते. मॅच अर्ध्या तासाच्या घरात गेलेली, म्हणजे हे घडतं नेमकं शेवटच्या सर्कलमध्ये, खेळायची जागा आक्रसून मोजकेच खेळाडू उरतात तेव्हा. कितीही सराव केला तरी याला इलाज नाही. म्हणून मुलं ग्राफिक्स ‘स्मूद’वर, म्हणजे कमी तपशिलावर, आणतात, फोनचं कव्हर काढून ठेवतात, आणि पंख्याखालची जागा कुणाची यावरून मॅचच्या आधीच भांडतात.