आवतन बैलाच्या कानात

नमस्कार श्रोतेहो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं खांदशेकणी असते. वाटीभर लोण्यात दोन चमचे हळद कालवायची, जरा कोमट करायची आणि पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्यावर चोळायची. वर्षभर जू तिथंच घासलेलं असतं. मग म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.’ बहुतेक घरी हे वाक्य कर्ता माणूस घाईत पुटपुटतो आणि लेकरं दारातून बघत राहतात. यंदा ते लेकराला म्हणू द्या, बैलाच्या कानाशी. वेसण मोठ्या माणसानं धरावी, लेकरू खांद्याच्या बाजूला उभं करावं, मागच्या पायांकडं नाही. खांदा सोललेला असेल तर चोळायचं नाही, नुसतं आवतन.

मग प्रश्न येतोच, ‘आजी, बैलाले समजते का वं?’

काही घरी ‘तो देव आहे, पाया पड’ म्हणून प्रश्न मिटवतात, काही घरी ‘जनावराला काय कळते’ म्हणून हसतात. दोन्हीकडं लेकराचं डोकं तिथंच थांबतं. त्यापेक्षा म्हणा, ‘त्याच्या कानाकडं पाह्य बरं.’ ओळखीचा आवाज आला की बैल कान वळवतो. लेकरू पुन्हा बोलून पाहतं, हळू बोलून पाहतं, दुसऱ्या बाजूनं बोलून पाहतं. त्या खेळात मध्ये बोलू नका. गाडगेबाबांचं कीर्तन समोरच्यांना प्रश्न विचारत विचारतच चालायचं. आपल्या मुलखातली भक्ती प्रश्नाला बिचकत नाही. ‘देव कोपेल’ हे मात्र सोडाच. त्यानं लेकरू विचारणं बंद करतं, दुसरं काही होत नाही.

घरी बैलजोडी नाही, ट्रॅक्टर आहे? दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, आहेच. लाकडी बैल विकत मिळतो, पण मातीचा करून पाहा. नुसत्या काळ्या मातीचा बैल दोन दिवसांत तडकतो, कारण ती वाळताना फार आकसते. चार ओंजळी मातीत एक ओंजळ रेती आणि मूठभर बारीक कुटार, म्हणजे भुसा, मळा. पाय आखूड आणि अंगठ्याएवढे जाड ठेवा. आत काडी घालू नका. माती आकसते, काडी आकसत नाही, चीर तिथंच पडते. तीन-चार दिवस सावलीत वाळवा, उन्हात नाही. शिंग वाकडं झालं तर सरळ करून देऊ नका, तो बैल लेकराचा आहे. मग झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत लेकरू घरोघरी हिंडेल.

पोळ्यानंतर येतो पोरींचा भुलाबाईचा सण. भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई बसतात, त्या कोजागिरीपर्यंत. आता कुठं पाचच दिवस, कुठं एकच दिवस. गाणी तर हवीतच, पण खरी गंमत खाऊ ओळखण्यात. झाकणाचा डबा घ्या, जेमतेम अर्धा भरा, कारण गच्च भरला तर वाजत नाही. फुटाणे खडखडतात, मुरमुरे सरसरतात, गुळाचा खडा ठणकन आपटतो. प्रत्येकीनं तीनच प्रश्न विचारायचे: गोड की तिखट, ओलं की कोरडं, शेतातलं की दुकानातलं. पहिली पाळी सगळ्यात धाकटीची, नाहीतर मोठी बहीणच सारं सांगून टाकते. बिस्किटाचा पुडा आणू नका. तो कागदाच्या आवाजावरूनच कळतो. रोज एकच खाऊ ठेवला तर चौथ्या दिवशी पोरी नुसत्या खायला येतात.

एक दिवस मुद्दाम फसवा. वाळकाच्या फोडी फडक्यात बांधून ठेवा, आवाजच नाही. पोरी डबा हुंगतील, कानाला लावतील, उलटा करतील, चिडतील. मोठ्यांना सांगून टाकायची उबळ येते, आवरा. ‘हरलो’ म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही.