मदत मागायची ती वेळ सांगून

मंडळी, मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे वापरता वापरता स्नायू थकून जाण्याचा आजार, झालेल्याला एक वाक्य फार ऐकावं लागतं : "सकाळी तर बरी होतीस!" आणि पंचाईत अशी, की ते खरं असतं. सकाळी मी बरीच असते.

मज्जातंतूकडून स्नायूला हुकूम जातो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. ते टिपून घेणारे रिसेप्टर स्नायूवर असतात. आमच्यापैकी बहुतेकांच्या शरीरात स्वतःचीच प्रतिपिंडं त्या रिसेप्टरांवर उठतात. मग सुरुवातीचे हुकूम पोचतात, पुढचे गळत जातात. पहिला घास सहज चावला जातो, पण जेवण संपेस्तोवर जबड्याला हाताचा टेकू लागतो. संध्याकाळी पापणी उतरते, एकाचे दोन दिसतात. जरा पडून राहिलं की थोडी ताकद परत येते, म्हणून बघणाऱ्याला हे नाटक वाटतं. 1934 साली मेरी वॉकर या डॉक्टरांनी फायसोस्टिग्मिन टोचून ही ताकद तात्पुरती परत आणून दाखवली. आमची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच जातीची. तिचा जोर साधारण 3-4 तास.

म्हणून "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांचा आम्हाला फारसा उपयोग नसतो. मन चांगलं असतं त्यांचं, पण ऐन गरजेच्या वेळी आमच्या तोंडून शब्दच नीट फुटत नाही! तेव्हा चांगल्या तासात बसून ठरवून टाका. जेवण गोळी लागू पडल्यावर. संध्याकाळी फोन नको, मेसेज चालेल. केस विंचरायला हात वर राहत नाहीत, तेवढं कोण करणार? एवढं नेमकं सांगितलं की माणसं करतात, असा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र भीड नको. एका दमात वाक्य पुरं होईना, लाळ गिळता येईना, आडवं पडल्यावर धाप लागली, तर सकाळची वाट न बघता इस्पितळ गाठायचं. मनानं जास्तीच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. पाकिटात आजाराचं नाव आणि चालू औषधं लिहिलेलं कार्ड ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी आजार बळावू शकतो. दातांच्या डॉक्टरांनाही कार्ड दाखवा. तिथे हटकून विसरायला होतं.

रुग्णगटात जरूर जा. तिथे उतरलेल्या पापणीचा खुलासा द्यावा लागत नाही, यातच निम्मा थकवा जातो. उपचारांची तुलना मात्र करू नका. एकीची छातीतली थायमस ग्रंथी काढून तिला बरं वाटलं, म्हणून तुमचीही काढावी असं नाही. ज्यांची प्रतिपिंडं त्या रिसेप्टरांऐवजी स्नायूवरच्या मस्क (MuSK) या प्रथिनावर उठतात, त्यांना ती शस्त्रक्रिया सहसा सुचवत नाहीत. आणि घरच्यांना सोबत आणा. आमच्यासमोर जे त्यांना विचारवत नाही, त्यासाठी त्यांची बैठक वेगळ्या खोलीत ठेवा, आणि आपण तिकडे डोकावायचं नाही.