टाकी मोठी, धार तीच

श्रोतेहो, नमस्कार. भौतिकशास्त्राचा अभ्यास नुकताच सुरू केलेल्या विद्यार्थी मित्रांशी मी आज द्रवाच्या दाबाविषयी बोलणार आहे, आणि ते बोलताना एका टाकीची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवणार नाही.

१९८८ साली आम्ही पुण्याच्या एका पेठेत, तळमजला आणि वर तीन मजले अशा इमारतीत, तळमजल्यावर राहत होतो. गच्चीवर ५०० लिटरची पत्र्याची टाकी थेट स्लॅबवर टेकवलेली होती. आमच्या मोरीतल्या नळाच्या तोंडावर अंगठा दाबला, तर अंगठ्याच्या कडेने पाण्याच्या चिळकांड्या उडून समोरची भिंत भिजत असे; तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे मात्र त्याच अंगठ्याने नळ सहज बंद होत असे. आजोबांनी हौसेने बसवून घेतलेल्या शॉवरमधून तर पाणी पडत नसे, पाझरत असे.

सोसायटीच्या बैठकीत खजिनदारकाकांनी निदान केले की, गच्चीवर मुळात पाणीच कमी, तर नळाला जोर येणार कुठून? बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचे निदान इतिवृत्तात जाते, असा माझा आजवरचा अनुभव आहे. वर्गणी निघाली आणि दिवाळीच्या तोंडावर १००० लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी आली. उंचीला ती जुन्या टाकीएवढीच होती, पण बुडाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. जिन्याच्या वळणावर ती अडकली, तेव्हा दोर लावून बाहेरच्या बाजूने वर ओढून घेतली आणि नारळही फोडला. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजोबा अंगभर उटणे चोळून शॉवरखाली उभे राहिले, त्यांनी चावी फिरवली आणि पूर्वीचेच थेंब पूर्वीच्याच संथपणे टपकू लागले. शेवटी आमच्या मोरीतून कढत पाण्याची बादली तीन जिने वर न्यावी लागली. ती नेणारा मीच असल्यामुळे हा प्रसंग मी विसरू शकलेलो नाही.

भाऊबीज झाल्यावर प्लंबर मिस्त्री आले. त्यांनी शॉवरपासून छतापर्यंतचे अंतर वितीने मोजले, मग गच्चीवर जाऊन टाकी बोटाने वाजवत पाणी कुठवर आहे ते पाहिले आणि एवढेच म्हणाले, "काका, तुम्ही पाणी वाढवलंत, उंची कुठे वाढवलीत?" आठवड्याभरात लोखंडी अँगलचे पाच फुटी स्टँड तयार झाले, तीच टाकी त्यावर चढली आणि आजोबांनी त्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्यांदा अंघोळ केली.

मिस्त्रींच्या त्या एका वाक्यात आजचा सगळा धडा आहे, म्हणून तो पुन्हा सांगतो. स्थिर द्रवातला दाब खोलीवर अवलंबून असतो, द्रवाच्या साठ्यावर नाही. इथे खोली म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून आपल्या नळापर्यंतचे उभे अंतर. नळी मध्ये कितीही वळणे घेत आली तरी मोजायचे ते उभेच अंतर.

आता हिशेब पाहू. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल. एक चौरस सेंटीमीटर बुडावर एक सेंटीमीटर उंच पाणी उभे केले, तर त्याचे वजन होते एक ग्रॅम. एक मीटर उंच केले, तर शंभर ग्रॅम. नव्या टाकीत पाणी दुप्पट होते, पण ते दुप्पट बुडावर पसरले होते, त्यामुळे प्रत्येक चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला जुन्याइतकेच वजन आले. भार वाढला तो स्लॅबवर. शॉवरला त्याचा पत्ताही लागला नाही. शॉवरपासून पाण्याच्या पातळीपर्यंत आधी सुमारे दीड मीटर अंतर होते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दीडशे ग्रॅम. पाच फुटी स्टँडमुळे तेच तीनशे झाले, म्हणजे थेट दुप्पट. आमच्या तळमजल्यावर मात्र साडेदहा मीटरचे बारा मीटर झाले आणि तो फरक कोणाच्या लक्षातही आला नाही. पुस्तकात हीच गोष्ट खोली, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार म्हणून येते. हवेचा दाब टाकीतल्या पाण्यावर आणि नळाच्या तोंडाशी जवळजवळ सारखाच असतो, म्हणून तो मी हिशेबात धरला नाही. शिवाय हा हिशेब स्थिर पाण्याचा आहे. नळ उघडून पाणी वाहू लागले की अरुंद आणि गंजलेली नळी घर्षणाने त्यातला काही दाब खाते.

साठ्याचा संबंध नसतो, हे सायमन स्टेव्हिन या डच गणितज्ञाने १५८६ साली दाखवून दिले होते. आमच्या बैठकीला चारशे वर्षे उशीर झाला, इतकेच. कोयना धरणाची भिंत पायापासून सुमारे १०३ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे शिवसागर जलाशय कितीतरी किलोमीटर पसरलेला आहे. भिंतीला त्या लांबीशी कर्तव्य नसते. पाणी शंभर मीटर खोल असेल, तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरला दहा किलोचा रेटा येतो, मग मागे सरोवर असो की हातभर रुंदीची चीर. म्हणूनच धरणाची भिंत माथ्याशी अरुंद आणि पायथ्याशी रुंद बांधतात.

जाता जाता एक तक्रार. एका डब्याला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके पाडलेली आकृती तुम्ही पाहिली असेल. तिच्यात सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडताना दाखवलेली असते. डबा जमिनीवर ठेवला असेल, तर ही आकृती चुकीची आहे. खालच्या भोकातून पाणी सर्वांत जोरात निघते हे खरे, परंतु जमिनीवर आदळण्यापूर्वी त्याला पुढे जायला वेळच मिळत नाही, आणि म्हणून पाण्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर पाडलेल्या भोकाची धार सर्वांत लांब जाते. ही आकृती काढणाऱ्याने आयुष्यात डब्याला खिळा मारला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेलाचा एक रिकामा डबा घ्या, मोठ्यांच्या देखत तीन भोके पाडा आणि मोरीत तो पाण्याने सतत भरलेला ठेवून धारा कुठे पडतात ते पाहा; मग तोच डबा उंच स्टुलावर ठेवा आणि खालची धार किती पुढे सरकते ते फूटपट्टीने मोजून वहीत लिहून ठेवा.