उतारावरचं कोकण

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणचा नकाशा आपण नेहमी उभा पाहतो. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा. आज तो जरा आडवा पाहूया, सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्रापर्यंत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हे अंतर साधारण पन्नास-साठ किलोमीटर, आणि तेवढ्यात जमीन घाटमाथ्यावरून थेट खाडीपर्यंत उतरते.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शास्त्री, काजळी, गड या आखूड नद्या तो बघता बघता खाडीत नेऊन ओततात. मुरतं तेही पाणी जांभ्या दगडाच्या भेगांतून झिरपून जातं. कोयनेचं पाणीसुद्धा पोफळीच्या वीजघरात वीज देऊन वाशिष्ठीवाटे समुद्रालाच मिळतं. आषाढात जो पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडता येत नाही, त्याच पऱ्याकाठच्या वाडीत वैशाखात बायाबापड्या टँकरची वाट बघत उभ्या असतात. हे मला फार लागतं.

भात पिकतं ते दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या मळ्यांत. वर नुसता सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ. पण याच कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात हापूस उभा केला, तो इथल्याच माणसांनी. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांना मिळून. मात्र अवेळी पाऊस आला की मोहोर काळा पडतो आणि वर्षाचं गणित कोसळतं. मासेमारीचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका बंदरात, आणि उरलेल्या महिन्यांतही वादळाचा बावटा लागला की पुन्हा माघारी.

मग पोरं मुंबईला जातात. गिरण्यांच्या काळात मनीऑर्डरवर घरं चालली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि जाणंयेणं सोपं झालं. आज रत्नागिरीच्या बागा राखायला आणि होड्यांवर खलाशी म्हणून नेपाळहून माणसं येतात. म्हणजे काम इथं आहे. ते बारमाही नाही, कारण पाणी बारमाही नाही.

चाकरमान्यांनो, म्हणून तुम्हाला एक विनंती. गणपतीला गावी येताच. दिवाळीनंतरही दोन दिवस काढा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरून पऱ्यावर वनराई बंधारा घालायला तेवढे दोन दिवस आणि वाडीतली पंधरा-वीस माणसं पुरतात. पाणी अडलं की खालच्या विहिरींना काही आठवडे तरी आधार मिळतो, आणि मळ्यात भातानंतर कुळीथ, पावटा घेता येतो.