गावकीच्या खोलीत पखवाज

(दृश्य : परातीत कणीक मळणारे हात. मागे चाळीतले आवाज.)

ही कणीक चपातीसाठी नाही. तेल नाही, मीठ नाही, बोटाला चिकटेल इतपत सैल. संध्याकाळचे सव्वासात झालेत. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, पखवाजाचा वर्ग भरतो आहे आणि पखवाजाला कणीक लागते आहे.

पखवाजाचं डावं तोंड म्हणजे धुम. त्याच्या मधोमध गोळा थापायचा आणि अंगठ्याने कडा दाबत पसरवायचा. थाप मारून ऐकायचं. आवाज पातळ वाटला तर चिमूटभर वाढवायची, फारच बसला तर चिमूटभर काढायची. कणकेचं वजन पडलं की चामड्याचा आवाज खाली उतरतो आणि पोटात जाणवणारा तो नाद येतो.

उजव्या तोंडाला कणीक लागत नाही, तिथे काळी शाई घोटून बसवलेली असते. ते तोंड पेटीशी जुळवायचं. आज पेटीवर काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, धरली आहे. गजऱ्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेच्या चामडी वेणीवर, हातोडीचा हलका ठोका, मग थाप, मग पुन्हा ठोका. तेवढ्याने भागलं नाही तर वादीखालचे, म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे सरकवायचे. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सारखं उतरतं. मग जुळवण्यातच वीस मिनिटं जातात. तोवर पेटीवरचा सूर थांबत नाही. कुणी भाता मारत असतं, बाकीच्या डोळे मिटून त्या सुरात ‘सा’ लावतात. आम्हाला या वर्गातला सगळ्यात सुंदर वेळ हाच वाटला.

(दृश्य : खोलीची भिंत. खुंट्या, जुने टाळ, गावदेवीचा फोटो.)

ही कोकणातल्या एका गावाची खोली. गिरणगावात अशा कितीतरी खोल्या होत्या. गावाहून आलेला माणूस मिलमध्ये लागायच्या आधी इथे उतरायचा. एका खोलीत तीस-चाळीस पुरुष राहायचे. मिल तीन पाळ्यांत चालायची, त्यामुळे एक कामावर गेला की त्याच जागी दुसरा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत. भिंतीशी ट्रंका, खुंटीला टाळ. सुट्टीच्या आदल्या रात्री पेटी निघायची आणि पहाटेपर्यंत भजन चालायचं. देवाच्या रूपाचा अभंग, गजर, गौळण, शेवटी भैरवी. गाव सोडून आलेल्या माणसांना त्या रात्रींचा फार मोठा आधार होता.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे मिल गेल्या, खोल्या रिकाम्या झाल्या, कित्येक विकल्या गेल्या. ही राहिली.

त्या काळात बायका गावी शेती आणि म्हातारी माणसं सांभाळत होत्या. पुरुषांनी भरलेल्या या खोलीत त्यांना जागाच नव्हती. आज बुधवारी आणि शनिवारी इथे बसतात त्या बायका.

(दृश्य : सतरंजीवर दोन ओळी. चेहरे एकेक करून.)

यांत गिरणी कामगारांच्या सुना आहेत, मुली आहेत. बाजारातून टोपली आवरून थेट आलेली मावशी आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत. सगळ्यांत लहान मुलगी अकरावीत. गाव एकच असलं पाहिजे असा नियम होता, तो यांनी सोडून दिला आणि फार चांगलं केलं.

ही वही बघा. शेजारच्या इमारतीतल्या तेलुगू काकूंची. चौताल या तालाचे बोल त्यांनी तेलुगू अक्षरांत लिहून घेतलेत. ‘तिट कत गदि गन’ एवढ्या चार बोलांसाठी अर्धं पान, खाली टाळीच्या खुणा पेन्सिलीने. पानाच्या कोपऱ्याला कणीक लागून वाळली आहे.

आता त्यांचा हात बघा. आधी ‘ति’, मग ‘ट’. पहिल्या महिन्यात मनगट ताठ राहतं आणि खांदा दुखतो. शिकवणारे बुवा मालवणीत एवढंच सांगतात, ‘‘सैल सोड गो हात.’’ मग स्वतः मांडीवर ठेका धरतात आणि सगळा वर्ग मांडीवर वाजवतो. पखवाज दोनच आहेत, शिकणाऱ्या सतरा. ज्यांच्यासमोर पखवाज नाही त्या हाताने टाळी मोजतात. कुणाची मात्रा चुकली तर शेजारीण तिचा हात धरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणते.

यंदा गणपतीत यांतल्या दोघींनी मंडळाच्या भजनात पखवाज वाजवला. चाळ पुनर्विकासात जाणार आहे. नव्या इमारतीत वर्गाला खोली मिळावी म्हणून अर्ज दिलाय, उत्तर यायचं आहे.

(दृश्य : साडेनऊ. चमच्याने कणीक खरवडणारी मावशी.)

वाळायच्या आत धुमेवरची कणीक काढावी लागते, नाहीतर चामडं खराब होतं. हे काम पाळीने चालतं. आज मावशीची पाळी आहे. पण खाली जिन्यात कुणीतरी गजर पुन्हा उचललाय, आणि चमचा हातात धरून मावशी दारापर्यंत आली आहे.

(निवेदन थांबतं. जिन्यातला गजर पूर्ण ऐकू द्यावा.)