चंद्रतालला पायी

(दृश्य: चंद्रा नदीचं रुंद पात्र. दगडगोटे. वाऱ्याचा आवाज.)

ही चंद्रा नदी. पाण्याचा रंग पाहा, सिमेंट कालवल्यासारखा. वरच्या हिमनद्या खडक घासत खाली सरकतात, त्या घासण्यात दगडाचं पीठ होतं आणि ते पीठ ही नदी वाहून आणते. आपण हिच्याच काठानं वर निघालोय. वर एक तळं आहे. त्याचं पाणी इतकं नितळ आहे की ते याच खोऱ्यातलं आहे हे पटायला वेळ लागतो.

चंद्रताल. हिमाचल प्रदेशातला लाहौल-स्पिती जिल्हा. उंची सुमारे 4,300 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे हे तळं त्याच्या अडीच पटींहूनही उंचावर आहे.

खरं तर गाडी तळ्याच्या अगदी जवळपर्यंत जाते. तरीही सॅक पाठीला लावून खालच्या, चंद्रेच्या काठावरच्या बातलपासून चालत जावं, असं मी आग्रहानं सांगेन.

2020 च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला. नऊ किलोमीटरचा बोगदा पार केला की माणूस थेट लाहौलमध्ये उतरतो. लाहौलच्या लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. हिवाळ्यात रोहतांग खिंड बर्फानं बंद झाली की त्यांचा मनालीकडचा रस्ताच तुटायचा. पण आपल्यासारख्या पाहुण्यांच्या बाबतीत यातून एक धोका आलाय. सकाळी मनालीत, 2,050 मीटरवर चहा घेतलेला माणूस रात्री चंद्रतालजवळच्या तंबूत झोपू शकतो. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर वर. रस्ता जलद झाला, शरीर होतं तसंच आहे.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 60 टक्के उरतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. शरीर याच्याशी जमवून घेतं, पण सावकाश. आधी श्वास वाढतो. त्यानं रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं, ते मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. वर गेल्यावर वारंवार लघवीला लागतं ते यामुळेच, आणि ते चांगलं लक्षण आहे. या सगळ्याला दिवस लागतात. म्हणून 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा रोज 500 मीटरहून जास्त चढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नकोसं झालंय, चक्कर येतेय? यावरून पर्वतीय आजार किती आहे हे मोजण्याची एक पद्धत जगभर वापरतात. तिचं नाव लेक लुईस. कॅनडातलं तेही डोंगरातलंच एक तळं, तिथल्या परिषदेत ही पद्धत ठरली. लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही. वाढली तर खाली उतरायचं, मध्यरात्र असली तरी. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर जीव धोक्यात आहे असंच समजायचं. सोबत्यांपासून हे लपवू नका. ग्रुपचा खोळंबा नको म्हणून गप्प बसणारी माणसंच माझ्या मते सगळ्यांत जास्त धोक्यात असतात.

तेव्हा बातलच्या अलीकडे, वाटेतल्या छत्रूला दोन रात्री काढा. मग बातल.

(दृश्य: बातलचा पूल. पहाट.)

बातलला पूल ओलांडला की रस्ता कुंझुम खिंडीकडे चढू लागतो. थोड्या अंतरावर डावीकडे चंद्रतालचा फाटा. तिथून बारा-तेरा किलोमीटर, चढ अंगावर येणारा नाही. भल्या पहाटे निघा. वाटेत नाले आडवे येतात आणि ते बर्फाच्या पाण्याचे आहेत. रात्री वर सगळं गोठतं, पाणी कमी होतं. ऊन तापलं की तोच नाला दुपारी गुडघ्यापर्यंत चढतो.

झाड एकही दिसणार नाही. पीर पंजाल रांग मोसमी ढगांना अडवते, त्यामुळे या बाजूला पाऊस फारच कमी. उरतं ते गवत, दगड आणि डाव्या हाताला नदी. नदीपलीकडे चंद्रभागा रांगेतली सहा हजार मीटरवरची शिखरं. यातल्या कित्येकांना नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत: सीबी 13, सीबी 14. गाडीतून ही शिखरं खिडकीएवढीच दिसतात. चालताना दिवसभर तेच शिखर सोबत असतं, आणि दर तासाला त्याची नवी बाजू पुढे येते.

(दृश्य: तळं. निवेदन थोडं थांबावं.)

तळ्यात येणारा ठळक प्रवाह कुठे दिसत नाही. आजूबाजूचं बर्फाचं पाणी जमिनीतून झिरपत येतं, दगडाचं पीठ मागेच राहतं. म्हणून नदी राखाडी आणि तळं निळं. पाणी खोल आणि स्वच्छ असलं की ते प्रकाशातला लाल भाग शोषतं, निळा परत पाठवतं. ढग सरकला, ऊन तिरपं झालं, की रंग बदलतो. दुपारी बघितलं आणि निघालो, असं करू नका. संध्याकाळी पुन्हा या.

काठावर तांबूस-केशरी बदकांची जोडी दिसली तर ओळखा. हा चक्रवाक. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर आपण ज्यांना बघायला जातो तेच पक्षी उन्हाळ्यात हिमालयातल्या अशा उंच तळ्यांवर येतात, इथेच पिल्लं वाढवतात.

2005 साली चंद्रतालला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघं 49 हेक्टर. काठावर तंबू लावायला बंदी आहे, मुक्काम दोन-तीन किलोमीटर अलीकडेच. हा नियम मला मनापासून पटतो. इतक्या थंडीत काहीच लवकर कुजत नाही, साबणाचं पाणी काठच्या मातीतून थेट तळ्यात उतरतं. भांडी, अंघोळ, सगळं पाण्यापासून लांब. नेलेला कचरा सॅकमधूनच परत. टॉयलेट पेपरही.

इथून उत्तरेला चंद्रेच्या काठानं बरालाचा खिंडीपर्यंत साधारण तीन दिवसांची वाट आहे. गाडीरस्ता चंद्रतालशीच संपतो. पुढे टोकपो योंग्मासारखे ओढे पुलाशिवाय, पाण्यातून ओलांडावे लागतात. तिकडे जायचं तर वाट माहीत असलेला स्थानिक माणूस आणि दोरी बरोबर हवीच. नाही तर बातलकडे, आल्या वाटेनं.